गण, गौळण, वग… आणि सीमेवरचे जवान

वारूळवाडीला लागूनच असलेलं नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. चैत्राच्या तोंडावर इथे फडांच्या राहुट्या लागतात. दारावर फडमालकाच्या नावाचा फलक, आत टेबलावर तारखांची वही. जत्रा कमिटीची मंडळी घासाघीस करून सुपारी ठरवतात आणि विसार देऊन उठतात.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) याच गावच्या. जन्म पंढरपूरचा, फड वडील-चुलत्यांचा, म्हणजे भाऊ-बापूंचा. १९६२च्या चीन युद्धात त्या फड घेऊन सीमेवर गेल्या आणि जवानांपुढे उभ्या राहिल्या. युरोपात ऑपेरा, तसा आपल्याकडे तमाशातला वग: कथा, गाणं, अभिनय सगळं एकत्र. एक मोठा फरक असा, की वगातला सोंगाड्या आयत्या वेळी काय बोलेल ते लिहून ठेवलेलं नसतं. आमच्या मते तो वगाचा मोठेपणाच!

गावोगावच्या जत्रांखेरीज तमाशाचा दुसरा आश्रयदाता होता मुंबईचा गिरणी कामगार. लालबागचं हनुमान थिएटर त्याच्याच जिवावर चालायचं. शाहीर अण्णा भाऊ साठे स्वतः गिरणीत राबलेले. त्यांनी तमाशाला लोकनाट्याच्या रूपात चळवळीच्या व्यासपीठावर आणलं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणगाव विस्कटलं आणि तिथला तिकीट काढून येणारा रसिकही पांगला.

तमाशातल्या कामगिरीसाठीचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आज विठाबाईंच्या नावाने दिला जातो. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला आहे.