छाती न उघडता हृदयापर्यंत

हृदयाचे दुखणे म्हटले की आपल्या घरांत अजूनही पहिला प्रश्न निघतो तो हा, की छाती उघडावी लागेल का? आज पुष्कळ वेळा उत्तर 'नाही' असे मिळते. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी आत सरकवतात. समोरच्या पडद्यावर क्ष-किरणांचे चित्र पाहत ती हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि वाट जेथे अडली असेल तेथे लहानसा फुगा फुगवून ती मोकळी करतात. रोगी बहुधा जागाच असतो. आपल्या बेटावर पाम्प्लेमूसच्या कार्डियाक सेंटरमध्येही हा उपचार होतो, आणि अँजिओप्लास्टी हा शब्द आता आपल्या आजी-आजोबांच्याही तोंडी आहे. पण ही विद्या आली कोठून? तिचा माग काढत गेले की आपण जर्मनीत जाऊन पोहोचतो.

क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनी 1895 साली वुर्झबुर्ग येथे लावला, हे आम्ही वर्गात शिकवतोच. जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. पण हृदय हे राखीव क्षेत्रच राहिले. त्याला हात लावला तर माणूस मरेल, अशी मोठमोठ्या डॉक्टरांची समजूत होती.

ही समजूत मोडली ती वेर्नर फोर्समन नावाच्या एका नवशिक्या डॉक्टरने. साल 1929, गाव बर्लिनजवळचे एबर्सवाल्डे. त्याला पंचविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. अचानक हृदय थांबू लागलेल्या रोग्याला छातीत सुई खुपसून औषध द्यावे लागे. त्यापेक्षा हाताच्या शिरेतून नळी नेऊन औषध थेट हृदयात का पोहोचवू नये, असे त्याच्या मनात आले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक उपकरणांच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होत्या. फोर्समनने तिला सगळे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली की प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर झोपवले, पट्ट्यांनी बांधले, आणि तिची नजर चुकवून स्वतःच्याच डाव्या हाताची शीर उघडून नळी आत घातली! मूत्रमार्गासाठी वापरतात तसली ती नळी होती. लांबी 65 सेंटिमीटर. मग तिला सोडवून, नळी तशीच हातात ठेवून तो जिने उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला. तेथे आरशात पडदा पाहत त्याने नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत ढकलले आणि त्याचे छायाचित्र काढवून घेतले.

धाडस मोठे होते यात शंका नाही. पण परिचारिकेला असे फसवणे आम्हांला रुचत नाही, आणि जिने स्वतःचा जीव देऊ केला तिचे नाव पुस्तकांत क्वचितच येते, हेही रुचत नाही.

त्या छायाचित्राने काय सिद्ध झाले? नळी हृदयात जाऊ शकते, माणूस जिवंत राहतो आणि ती कोठे पोहोचली हे डोळ्यांनी पाहता येते. पुढचे सारे उपचार या तिसऱ्या गोष्टीवर उभे आहेत. त्याच वर्षी लेख छापून आला, पण बर्लिनच्या प्रसिद्ध शारिटे इस्पितळात त्याची किंमत झाली नाही. फोर्समनला तेथून जावे लागले आणि तो मूत्ररोगांकडे वळला. नाझी पक्षाचा तो 1932 पासून सभासद होता, हेही लपवण्याचे कारण नाही. महायुद्धात तो अमेरिकनांच्या कैदेत गेला. मधल्या काळात अमेरिकेत कुर्नाँ आणि रिचर्ड्स या दोघांनी त्याचीच नळी हृदयाच्या अभ्यासासाठी वापरात आणली. 1956 साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा फोर्समन बाड क्रॉइट्सनाख या लहान शहरात मूत्ररोगांचा डॉक्टर म्हणून काम करत होता. आज एबर्सवाल्डेच्या इस्पितळाला त्याचेच नाव आहे.

नळीने पाहता येते, तर दुरुस्तीही का करू नये? हा विचार अमेरिकेतील पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांचा. 1964 साली त्यांच्याकडे 82 वर्षांच्या एक आजी आल्या. पायाची बोटे सडू लागली होती, पाय कापायला त्या तयार नव्हत्या. डॉटर यांनी एकाहून एक जाड नळ्या घालून मांडीची अडलेली रक्तवाहिनी रुंद केली. पाय वाचला. स्वतःच्या देशात डॉटर यांची फारशी दखल घेतली गेली नाही. पण जर्मनीत कोलोनजवळच्या एंगल्सकिर्शेन येथे एबरहार्ड त्साइटलर यांनी ही रीत उचलली आणि ती शिकायला त्यांच्याकडे एक तरुण डॉक्टर आला, आंद्रेआस ग्रुंट्झिग.

ग्रुंट्झिग 1939 साली ड्रेस्डेनला जन्मला, हायडेलबर्गला शिकला आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला नोकरीस लागला. जाड नळीऐवजी नळीच्या टोकाला फुगा बसवावा, ही त्याची कल्पना. फुगा असा हवा की ठरावीक जाडीपलीकडे फुगणार नाही, नाहीतर रक्तवाहिनीच फाटायची. असा फुगा बाजारात मिळत नव्हता. मग स्वयंपाकघराच्या टेबलावर रात्रीच्या रात्री बसून बायको आणि सहकारी यांच्या मदतीने तो हाताने फुगे बनवू लागला. 1974 साली पायाच्या रक्तवाहिनीत फुगा चालला. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकला त्याने 38 वर्षांच्या एका माणसाची हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडली. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही ती उघडीच होती. ते पाहायला ग्रुंट्झिग मात्र नव्हता. 1985 साली अमेरिकेत तो स्वतःच चालवत असलेले विमान कोसळून मरण पावला. रक्तवाहिनी पुन्हा आकसू नये म्हणून आत ठेवायची जाळी, म्हणजे स्टेंट, 1986 साली आली.

आता ज्या कारणासाठी आम्ही हा विषय घेतला तिकडे वळू. चिरफाड नाही म्हणजे तो उपचार आपोआप अधिक चांगला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. हृदयविकाराचा झटका आला असेल तर अडलेली रक्तवाहिनी तातडीने उघडणे हे प्राण वाचवणारे काम आहे. तेथे वाट पाहत बसू नये. पण ज्याला फक्त चढ चढताना छातीत दुखते आणि बसले की थांबते, त्याची गोष्ट निराळी. जर्मनीतच लाइपझिग येथे अशा 101 पुरुषांवर केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्टेंट बसवला, निम्म्यांना घरी रोज 20 मिनिटे व्यायामाची सायकल चालवायला लावली; जोडीला आठवड्यातून एकदा सर्वांचा एकत्र व्यायाम. वर्षानंतर सायकलवाल्यांपैकी शेकडा 88 जणांना हृदयाची नवी तक्रार आली नाही, स्टेंटवाल्यांत ही संख्या शेकडा 70 होती. मोठी माणसे मोजून केलेला अभ्यास नाही हा, पण विचार करायला लावणारा खासच.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. आपल्या बेटावर साखरेचा आजार किती घरांत आहे हे सांगायला नको. मधुमेही माणसाच्या हृदयाच्या अनेक रक्तवाहिन्या अडल्या असतील तर काय करावे, यावर 1900 रोग्यांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत मृत्यू, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झाले अशांचे प्रमाण स्टेंटवाल्यांत शेकडा सुमारे 27, तर छाती उघडून बायपास केलेल्यांत सुमारे 19 निघाले. नुसता पक्षाघात मात्र बायपासवाल्यांत थोडा अधिक होता. म्हणजे ज्या काकांना डॉक्टर बायपास सुचवतात आणि जे चाकूच्या भीतीने 'मला फुगाच घाला' असा हट्ट धरतात, त्यांचा हट्ट घरच्यांनी लगेच मान्य करू नये. किती रक्तवाहिन्या अडल्या आहेत, कोठे अडल्या आहेत, साखर कशी आहे, हे विचारावे. युरोपात अशा अवघड रोग्याचा निर्णय हृदयतज्ज्ञ आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर एकत्र बसून घेतात. आपणही चित्रांची सीडी आणि कागद घेऊन दोघांचे मत मागू शकतो.