पाळणे म्हणजे कुणाचे पाळणे?

‘ऐकणे’, ‘मानणे’ आणि ‘पाळणे’ ही तीन क्रियापदे आपल्या घरात रोज कानावर पडतात. आईचे ऐकावे, वडीलधाऱ्यांचे मानावे, दिलेला शब्द पाळावा. ऐकणे हे कानाचे काम, मानणे मनाचे. पाळणे मात्र वागण्यात दिसते. संस्कृत ‘पाल्’ म्हणजे राखणे, सांभाळणे. म्हणूनच आपण कोंबड्या पाळतो, पथ्य पाळतो आणि साहेबाचा हुकूमही पाळतो.

परंतु बंधुभगिनींनो, काय पाळावे हे क्रियापद सांगत नाही. ते माणसाने ठरवायचे असते. शिवाशिवसुद्धा ‘पाळली’च जात होती! ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. ठराव कागदावर राहिला, रूढी मात्र कसोशीने पाळली गेली. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणे आज गुन्हा आहे.

आपण पंचशील पाळतो, ते कुणाच्या हुकमाने? वंदनेत प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘समादियामि’ येते. त्याचा अर्थ ‘मी स्वीकारतो’, ‘मी स्वीकारते’. शील ही वरून आलेली आज्ञा नव्हे, स्वतः घेतलेला नियम आहे. तो मोडला तर जाब स्वतःलाच विचारायचा.

आणि पाळणे एकाच बाजूचे नसते. विरारहून चर्चगेटकडे निघाले की पहिलेच स्टेशन नालासोपारा. त्या सोपारा परिसरात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली सापडला. वडीलधाऱ्यांचा आदर करा, असे हा लेख सांगतो. त्याचबरोबर दास व नोकरांशी नीट वागा, असेही सांगतो. म्हणजे ज्याचा हुकूम चालतो, त्यालाही काही पाळावे लागते.

म्हणून मुलांना ‘सांगितले तेवढे कर’ एवढेच सांगून थांबू नये. कारणही सांगावे. मूल ‘का?’ म्हणून विचारते, त्याला उद्धटपणा समजू नये. समजून पाळलेला नियम आपल्या पाठीमागेही टिकतो. धाकाने पाळलेला आपण उंबरठा ओलांडेपर्यंतच.