आंबटपणाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला होता. तो गेल्या उन्हाळ्यात एका नुकसानीमुळे पुन्हा जुळला.

काचीगुड्यातील आमच्या घरी आई उन्हाळ्यात सरबते करून विकते. हिशेबाची वही माझ्याकडे असते. गेल्या वर्षी कोकम आणि गुलाब अशी दोन्ही सरबते कमी साखरेची केली. टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट दोन्हींत सारख्याच मापाने घातले. कोकमाच्या बाटल्या उत्तम टिकल्या. गुलाबाच्या चाळीस बाटल्या मात्र आठ दिवसांत फसफसल्या आणि मोरीत ओताव्या लागल्या. "पावडर भेसळीची निघाली," मी म्हणालो. आई बीदरची. ती कन्नडमध्ये एवढेच म्हणाली, "हुळी कडिमी आतु." म्हणजे आंबटपणा कमी पडला. एकाच पुडीतली पावडर कोकमात चालते आणि गुलाबात चालत नाही, हे कोडे मी पुस्तकांतून सोडवायला बसलो. जे उमगले ते वाचकांपुढे मांडतो.

सोडियम बेंझोएट हा क्षार आहे. आंबट द्रवात त्याचे बेंझॉइक आम्ल होते. हा विद्युतभाररहित रेणू यीस्ट, बुरशी आणि काही जीवाणू यांच्या पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत शिरतो. आत आंबटपणा नसतो. तेथे रेणू फुटून आम्लता वाढवतो आणि ती बाहेर टाकता टाकता पेशी थकून जाते. द्रव आंबट नसेल, तर रेणू बाहेरच फुटलेला राहतो, आणि विद्युतभार असलेल्या कणाला ते आवरण सहसा आत घेत नाही. द्रवाचा सामू ४.२ असता निम्मे आम्ल अखंड असते, ३.२ असता सुमारे ९१ टक्के, तर ६.२ असता जेमतेम १ टक्का. आमच्या गुलाबाच्या सरबतात भांडवल पूर्ण होते, पण कामावर जवळजवळ कोणीच नव्हते! मग पावडरच जास्त घालावी, तर कायद्याने तिला मर्यादा घातलेली आहे, आणि ते योग्यच आहे.

आता याच आम्लाला ठराविक जागी एक अमिनो गट जोडला, की पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल होते. ते जीवाणूंना मारत तर नाहीच, उलट फॉलिक आम्ल बनवण्यासाठी त्यांना हवेच असते. १९३५ साली जगापुढे आलेल्या सल्फा औषधांची किमया येथेच आहे. सल्फानिलामाइडचा रेणू दिसायला या आम्लासारखाच. जीवाणू फसतो, खोटे नाणे खरे समजून घेतो आणि त्याचा कारखाना बंद पडतो. माणूस फॉलिक आम्ल स्वतः बनवत नाही, अन्नातून घेतो. म्हणून या फसवणुकीतून तो वाचतो. तात्पर्य, रेणूत एखादा गट इकडचा तिकडे झाला, की मित्राचा शत्रू होतो.

हैदराबादकरांनी हे जाणण्याचे आणखी एक कारण आहे. आपले शहर औषधांचे शहर. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूत फ्लोरिनचा एक अणू आहे. त्यामुळे त्या कुळातील जुन्या औषधांपेक्षा त्याची शक्ती पुष्कळ वाढली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हे औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात दुबळे जीवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरून वाढतात. उद्या तेच आपल्याला गाठले, तर ते औषध घेऊन काय उपयोग?

यंदा गुलाबाच्या सरबतात आईने सायट्रिक ॲसिड घातले आणि मी सामू मोजण्याची कागदी पट्टी आणली. एकही बाटली फसफसली नाही. वहीत मी पट्टीचा खर्च लिहिला. आईच्या त्या तीन शब्दांची किंमत कोणत्या खात्यावर मांडावी, हे मात्र आमच्या प्राध्यापकांनीच सांगावे.