चार रुपये पगाराचा डावा हात

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या मशीनशॉपमध्ये लेथसमोर उभं राहा. टेलस्टॉकचं चाक उजव्या हाताला असतं, आणि डावखुऱ्या कामगाराला यंत्राच्या सोयीनं वळावं लागतं. चेंडूफेकीत मात्र हे गणित उलटं होतं. बेसबॉलमध्ये डावखुऱ्या पिचरला खास मागणी असते. क्रिकेटमध्ये डावखुऱ्या फिरकीचा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर वळतो. अशा चेंडूवर पोट भरणारा आपल्याकडचा पहिला मोठा खेळाडू, माझ्या मते, बाळू पालवणकर. त्यांची कारकीर्द एरवी विकेटांपासून सांगतात. मला ती पगारापासून सांगावीशी वाटते.

जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं कोकणातलं, चांभार समाजातलं. वडील लष्करी नोकरीत. बालपण पुण्यात गेलं. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, महिना तीन रुपये. पुढे गोऱ्या अंमलदारांच्या पूना जिमखान्यात चार रुपये. तिथं जाळी उभारायची, टेनिसच्या रेघा मारायच्या आणि साहेबांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा नावाजलेला फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास सराव करून घेई. आपल्याला बाद केलं की तो आठ आणे देई, असं सांगितलं जातं. तसं असेल, तर आठ वेळा ग्रेगला बाद केलं की एका महिन्याचा पगार सुटला! बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा शौक, गोलंदाजी हे नोकराचं काम. बाळूंची अचूक टप्प्यावरची हुकमत या कामातून घडली. तिला नुसती दैवी देणगी म्हणणं मला त्या राबण्याचा अपमान वाटतो.

पुण्यातल्या हिंदू क्लबानं त्यांना घ्यायचं की नाही, यावर वाद झाला. गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून घेतलं. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चाले; चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. बाळूंच्या मागे असा हुकूम नव्हता. मुंबईला गेल्यावर रेल्वेत नोकरी लागली, पण संघातली प्रत्येक पायरी त्यांना विकेट घेऊन चढावी लागली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियनांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं. बाळूंबरोबर धाकटे भाऊ शिवरामही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरला. त्या पडझडीत एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, सरासरी पंधराच्या आसपास. उमेदीची वर्षं रोलर ओढण्यात गेली, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी तो मान बाळूंचा होता, असं उघड सांगितलं. १९२० साली पै आजारी पडले, तेव्हा बाळूंना संघातूनच वगळलं गेलं आणि दि. ब. देवधरांना कर्णधार केलं. शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला. गाजावाजा झाल्यावर स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले तेव्हा बाळू उपकर्णधार झाले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. तेव्हा बाळू सत्तेचाळीस वर्षांचे होते.

डावखुऱ्या फिरकीची परंपरा पुढे बापू नाडकर्णींपर्यंत आली. १९६४ मध्ये मद्रासला त्यांच्या लागोपाठ १३१ चेंडूंवर धाव निघाली नाही. पद्माकर शिवलकरांनी ५८९ प्रथम श्रेणी बळी घेतले, पण कसोटी खेळायला मिळाली नाही. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग या डावखुऱ्या भालाफेकपटूला पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघानं पिचर म्हणून करारबद्ध केलं. तिथं फेकणाऱ्या हाताचा भाव कराराच्या कागदावर लिहिलेला असतो.

बाळू नंतर राजकारणात उतरले. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना उभं केलं ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. सुमारे दोन हजार मतांनी ते हरले. १९५५ साली ते वारले.