गोळ्यांचा विमा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातला बहुतेक आरोग्य विमा खाटेचा आहे, गोळीचा नाही. कुंभकोणमजवळच्या आडुतुरैत काय किंवा आणखी कुठे काय, पहिला गैरसमज इथेच होतो: कार्ड आहे, तेव्हा मेडिकलमधल्या बिलाचे पैसे मिळतील. तमिळनाडूची मुख्यमंत्री आरोग्य विमा योजना आणि तिच्याशी जोडलेली केंद्राची आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देतात, पण ते प्रामुख्याने रुग्णालयातल्या उपचारांसाठी. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. आयुष्मानमध्ये रुग्णालयात दाखल होण्याआधीच्या ३ आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधे धरली जातात. सोळाव्या दिवसाची गोळी स्वतःच्या खर्चाने. डायलिसिस किंवा केमोथेरपीसाठी मात्र रात्रभर राहावे लागत नाही, तरी ते उपचार योजनेत बसतात.

आयुष्मान योजना फक्त गरिबांची, हाही समज आता जुना झाला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. वय आधारवरून ठरते. मात्र पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असले तर ५ लाख दोघांत मिळून, माणशी नव्हे.

खासगी विमा पासष्टीनंतर मिळतच नाही, असे अजूनही ऐकू येते. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ती वयोमर्यादा काढली. आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. पण ते टाळण्यासाठी मधुमेह लपवणे हा सर्वांत महागडा शहाणपणा: दाव्याच्या वेळी जुने केसपेपर बाहेर येऊ शकतात.

मग रोजच्या गोळ्यांचे काय? तमिळनाडूत त्यांचे उत्तर विम्याबाहेर आहे. राज्याचे वैद्यकीय सेवा महामंडळ सरकारी दवाखान्यांसाठी घाऊक औषधे खरेदी करते आणि ती रुग्णाला फुकट मिळतात. त्यासाठी विमा कार्ड लागत नाही. ५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत आरोग्यसेविका मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच आणतात. त्या पाकिटावर ओळखीचा ब्रँड नसतो, ‘मेटफॉर्मिन’ असे औषधाचे मूळ नाव असते. ते पाहून गोळी हलकी असल्याची शंका घेतली जाते. ब्रँड बदलला तरी घटक, मिलिग्रॅम आणि गोळीचा प्रकार (साधी की हळूहळू विरघळणारी) तेच असतील तर औषध तेच. नेहमीचे पाकीट शेजारी ठेवून या गोष्टी जुळवता येतात. जुळल्या नाहीत तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.