औषधी वनस्पती आणि मुळांवर गाठी पाडणारे सूत्रकृमी

जी वनस्पती कडू, उग्र वासाची अथवा औषधी गुणांची, तिला कीड लागत नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. मुळांवर गाठी पाडणाऱ्या सूत्रकृमींच्या बाबतीत मात्र हा समज नुकसानकारक ठरतो. माणसाच्या रोगावर चालणारे द्रव्य या कृमींवरही चालेलच, असा नियम नाही.

अंड्यातून बाहेर पडलेले या कृमीचे पिल्लू सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते. ते कोवळ्या मुळाच्या टोकाजवळून आत शिरते व एका जागी स्थिरावते. त्याच्या लाळेमुळे तेथील काही पेशी अवाढव्य वाढतात. याच पेशींवर ते पोसले जाते आणि त्यांच्याभोवती मूळ सुजून गाठ तयार होते. पूर्ण वाढलेली मादी काहीशे अंडी घालते. उबदार जमिनीत महिनाभरात एक पिढी पुरी होते. अशी झाडे खुरटतात, पिवळी पडतात व जमिनीत ओल असूनही दुपारी माना टाकतात.

प्रतिकारक्षम वनस्पतीत कृमी शिरला तरी त्याला पोसणाऱ्या पेशी तयार होत नाहीत, किंवा लवकरच मरतात. त्यामुळे कृमीची वाढ खुंटते व अंडी घातली जात नाहीत. सहनशील वनस्पतीची गोष्ट वेगळी आहे. तिचे उत्पन्न फारसे घटत नाही, परंतु तिच्या मुळांवर कृमींची संख्या वाढतच राहते. त्याची झळ मागाहून घेतलेल्या वांगी, टोमॅटो, भेंडी यांसारख्या पिकांना पोहोचते. हा भेद ध्यानात न घेतल्यास एका पिकाचा नफा दुसऱ्या पिकात जातो.

कोलियस, अश्वगंधा व सर्पगंधा या तिन्ही वनस्पतींना या कृमींचा उपद्रव होतो. तिन्हींचे मूळ हाच विक्रीचा माल असल्याने गाठाळलेल्या मुळांची हानी सरळ शेतकऱ्याच्या पदरात पडते. कोलियसमध्ये तर कृमींनी दुबळ्या केलेल्या मुळांत मर रोगाचे जंतू सहज शिरतात व झाडेच्या झाडे वाळतात.

याउलट झेंडूचे उदाहरण आहे. त्याच्या मुळांतील कृमिनाशक द्रव्य हॉलंडमधील संशोधकांनी १९५८ साली वेगळे केले. अनेक जातींच्या झेंडूत शिरलेल्या पिल्लांची वाढ पुरी होत नाही. मात्र सर्व झेंडू सारखे नाहीत आणि सर्व जातींच्या सूत्रकृमींवर त्यांचा सारखा परिणाम होत नाही. शिवाय हा गुण मुख्यतः जिवंत मुळांचा आहे. म्हणून बांधावर चार झाडे लावण्यापेक्षा बाधित क्षेत्रात झेंडूचे दाट पीक दोन-तीन महिने घेणे अधिक हितावह होय. फुलांचे उत्पन्न मिळते ते वेगळेच.

औषधी पीक लावण्यापूर्वी शेतातील आधीच्या पिकाची काही झाडे मुळांसकट खणून, धुऊन पाहावीत. ओढून उपटल्यास बारीक मुळे जमिनीतच राहतात. कडधान्यांच्या मुळांवरील उपयुक्त गाठी बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमींची गाठ हा मुळाचाच सुजलेला भाग असल्याने ती सुटत नाही. जमीन बाधित दिसल्यास उन्हाळ्यात खोल नांगरून तापू द्यावी, जुनी मुळे वेचून जाळावीत व निंबोळी पेंड मिसळावी. फेरपालटात ज्वारी, बाजरी यांसारखे पीक घेण्यापूर्वी त्या भागातील सूत्रकृमींची जात कृषी विद्यापीठाकडून तपासून घ्यावी.

रोपे व छाट निरोगी वाफ्यातीलच घ्यावेत. कृमी स्वतः फार दूर जात नाहीत. बाधित रोपे, माती व औजारे हीच त्यांना शेतोशेती पोहोचवतात. एकदा जमिनीत रुजलेला हा शत्रू समूळ घालविणे अवघड असते. तेव्हा झाडाच्या औषधी नावावर न विसंबता त्याची मुळे पाहूनच पिकाची निवड करावी.