एक पाटी, दोन हात

रुग्णालयातली नोंदणी असो की तिकीट खिडकीमागचा संगणक, डेटाबेसशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे दोन प्रश्न कायम असतात. एकाच वेळी चाललेली अनेक कामं एकमेकांत मिसळू कशी द्यायची नाहीत? आणि पासवर्ड उघडा न पाडता आपली ओळख कशी पटवायची? पाठ्यपुस्तकांत हे दोन विषय वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या इतिहासात मात्र ते एका छोट्या फंक्शनपाशी एकत्र आले. त्याचं नाव क्रिप्ट.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सच्या क्रिप्टवर आधारलेल्या पासवर्ड पद्धतीवर निबंध लिहिला. मूळ पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचं उलट न फिरवता येणारं रूप, म्हणजे हॅश, तेवढं साठवायचं, ही त्यामागची कल्पना आजही टिकून आहे. क्रिप्ट मात्र पासवर्डची पहिली आठच अक्षरं पाहायचं, आणि उत्तर मेमरीतल्या एकाच ठरावीक जागी लिहून ठेवायचं.

ही जागा पुढे अडचणीची ठरली. आजचा प्रोग्रॅम आपली कामं अनेक थ्रेडमध्ये वाटतो. हे थ्रेड समांतर चालतात, पण मेमरी सगळ्यांची एकच. क्रिप्टची ती जागा म्हणजे वर्गातली एकुलती एक पाटी. पहिल्यानं उत्तर लिहिलं आणि ते वाचायच्या आत दुसऱ्यानं पुसून आपलं लिहिलं, की पहिला भलतंच उत्तर घेऊन सर्व्हरकडे जाणार. पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही. असा दोष चाचणीत सहसा सापडत नाही. गर्दीच्या वेळी दोन थ्रेडची गाठ पडली, तरच तो डोकं वर काढतो. म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलच्या सूचनापुस्तिकेनं क्रिप्टऐवजी एमडी५ ही दुसरी हॅश पद्धत वापरायचा सल्ला दिला. पुढे २००९च्या ८.४ आवृत्तीत क्रिप्टनं लॉगिन करायची सोयच काढून टाकण्यात आली.

एमडी५नं क्रिप्टमधला थ्रेडचा प्रश्न सुटला, ओळखीचा अर्धवट राहिला. तिथे सर्व्हरवर साठवलेला हॅश चोरीला गेला, तर मूळ पासवर्ड माहीत नसतानाही तेवढ्यावर लॉगिन करता येतं. २०१७च्या दहाव्या आवृत्तीत आलेल्या स्क्रॅम पद्धतीनं ही वाट बंद केली. तिच्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. क्लायंट त्यावर गणित करतो, डीफॉल्ट ४,०९६ फेऱ्यांचं, आणि पासवर्ड आपल्याला माहीत आहे एवढंच सिद्ध करतो. सर्व्हरकडच्या नोंदीवरून थेट लॉगिन होत नाही. शिवाय सर्व्हरलाही आपली ओळख क्लायंटला पटवून द्यावी लागते. २०२१च्या चौदाव्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड आपोआप स्क्रॅमनुसार साठवले जातात.

कनेक्शन वापरतानाही थ्रेडची अशीच गाठ पडू शकते. त्याबाबतचा नियम लिबपीक्यू या पोस्टग्रेएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररीनं स्पष्ट सांगितला आहे: एक कनेक्शन दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचं नाही. पाळीपाळीनं वापरण्यासाठी लॉक लावता येतो, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळं मिळूनच पक्कं व्हायचं काम, कनेक्शनला बांधलेलं असतं. एका थ्रेडनं कमिट केलं, की दुसऱ्याचं अर्धवट कामही कायम होतं. पैसे एका खात्यातून वजा झाले आहेत, दुसऱ्यात जमा व्हायचे आहेत, आणि मध्येच कमिट! यावरचा रुळलेला उपाय म्हणजे कनेक्शन पूल, तयार कनेक्शनांचा साठा. थ्रेडनं पूलमधून कनेक्शन उचलायचं, काम पूर्ण करायचं आणि परत ठेवायचं. हाती आलेला निकाल फक्त वाचण्यापुरता असतो, तो कितीही थ्रेडना खुशाल द्यावा.

दोन्ही उपायांचं सूत्र एकच आहे: वाटून घ्यायची वस्तू जितकी कमी, तितका धोका कमी. कनेक्शन शेजारच्या थ्रेडला द्यायचं नाही, पासवर्ड सर्व्हरलाही नाही.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थेला यासाठी प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. पुरवठादाराला तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ. प्रत्येक कामाला पूलमधून स्वतंत्र कनेक्शन मिळतं का? पासवर्ड स्क्रॅमनुसार साठवले आहेत, की अजून एमडी५वर? आणि कनेक्शनवरचं बोलणं सांकेतिक करणाऱ्या एसएसएलची 'एसएसएलमोड' ही सेटिंग 'व्हेरिफाय-फुल' आहे का? लिबपीक्यूचं डीफॉल्ट 'प्रेफर' आहे. सर्व्हरवर एसएसएल नसेल, तर ते कुरकुर न करता उघड्या तारेवरून बोलणं सुरू करतं.